वाचक विचारतात: कादंबरीतली सिस्टर पळूनच का जाते?

मागच्या अंकात ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांवर लिहिताना मी थोडी कुरकुर केली होती. नायिका मिशनरी सिस्टर असली की शेवटच्या प्रकरणात ती मध्यरात्री भिंत ओलांडते, खाली घोडा तयार असतो आणि पाऊस तर असतोच. व्रतांतून मोकळं करा असा साधा अर्ज करायचं एकीलाही सुचत नाही. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचा अख्खा स्तंभ याच विषयाला देऊन टाकला. काहींनी पाठ थोपटली, काहींनी ‘सिस्टर, रसभंग करू नका’ म्हणून दटावलं. त्यातले निवडक प्रश्न घेते. नावं पत्रलेखकांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न: तुम्ही स्वतः व्रतस्थ. असल्या कादंबऱ्या वाचताना अवघडल्यासारखं होत नाही का?

उत्तर: होतं, पण तुम्ही समजता त्या ठिकाणी नाही. माझी बरीच वर्षं आमच्या सिस्टरांच्या धर्मसंघाच्या दफ्तरात गेली. जुनी पत्रं, व्रतांची नोंदवही, बोटीच्या भाड्याच्या पावत्या, दिवंगत सिस्टरांची टिपणं, सगळं वाळवीपासून वाचवायचं आणि कोणी मागितलं की काढून द्यायचं, हे माझं काम. त्या कागदांत प्रेम भरपूर आहे. त्यामुळे नायिकेच्या काळजात कालवाकालव झाली म्हणून मी पुस्तक मिटत नाही. पण ती जेवणघरात मैत्रिणीशी खिदळते तेव्हा अडखळते, कारण तिथे एकजण मोठ्याने वाचत असे आणि बाकीच्या मुकाट्याने जेवत. तिच्या खोलीत आरसा असतो तेव्हा तर थांबतेच. चुंबनाचं पान मी सरळ उलटते. आरशाच्या पानावर मात्र पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढते.

प्रश्न: मी कादंबरी लिहिते आहे. काळ १८५५ च्या आसपासचा. नायिका फ्रेंच, दूरच्या मिशनच्या दवाखान्यात शुश्रूषा करणारी, अखेरची, म्हणजे आजीवन, व्रतं घेतलेली. लष्करातल्या एका डॉक्टरवर तिचं मन जडतं. चर्चच्या कायद्याने तिला लग्न करता येईल का? की पळून जाण्यावाचून गत्यंतर नाही?

उत्तर: आधी ती कोणत्या संघाची ते ठरवा. तिथूनच तुमच्या कथानकाला वाट फुटेल किंवा ते तिथेच अडेल.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं सगळ्यांना ठाऊक असतात. ती कोणत्या दर्जाची घेतली, हे मात्र कादंबरीकार विचारत नाहीत. चर्चच्या कायद्यात महाव्रतं वेगळी आणि साधी व्रतं वेगळी. महाव्रतं घेतलेली स्त्री बंदिस्त मठात राहायची. पोप आठव्या बोनिफेसने १२९८ मध्ये स्त्रियांच्या मठांना बंदिस्ती सक्तीची केली, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ती पुन्हा आवळली, आणि १५६६ मध्ये पाचव्या पायसने उरलीसुरली फटही बुजवली. अशा स्त्रीने लग्न लावलं तरी चर्चच्या लेखी ते लग्नच नव्हे, ते मुळातच रद्द.

पण अशी स्त्री तुमच्या दवाखान्यात येणार कुठून? ती जाळीच्या आड. एकोणिसाव्या शतकात शाळा-दवाखान्यांसाठी बोटीत बसून निघाल्या त्या सिस्टरांची व्रतं बहुतेक करून साधी होती. रोमने त्यांना पूर्ण अर्थाने धर्मसंघी म्हणून मान्यता दिली ती थेट १९०० साली, पोप तेराव्या लिओच्या हुकुमाने. साध्या व्रतांच्या सिस्टरने लग्न केलं तर ते निषिद्ध होतं, पाप होतं, पण लागलेलं लग्न टिकत असे. यातली गंमत बघा. तुमच्या नायिकेवर चर्च रुसेल, तिला बाहेर काढेल, आणि तरीही ती त्या डॉक्टरची बायको असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. हा भेद १९८३ च्या धर्मसंहितेने, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या पुस्तकाने, काढून टाकला. आता संघात जाहीरपणे ब्रह्मचर्याचं आजीवन व्रत घेतलेल्या कुणाचंही लग्न व्रतमुक्तीशिवाय ग्राह्य नाही. तुमची कथा १८५५ ची आहे, तेव्हा आजचा नियम तिच्या गळ्यात बांधू नका.

फ्रेंच आहे, शुश्रूषा करते, शिवाय लष्करी डॉक्टर आहे, तर माझा सल्ला असा: तिला ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ करा. संत व्हिन्सेंट डी पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी १६३३ मध्ये पॅरिसात सुरू केलेला हा संघ. क्रिमियाच्या युद्धात फ्रेंच सैन्याच्या इस्पितळांत याच सिस्टर होत्या, म्हणजे तुमचं सालही जुळतं. पंख पसरल्यासारखी, खळ लावलेली त्यांची पांढरी टोपी तुम्ही चित्रांत पाहिली असेल. ती १९६४ पर्यंत टिकली.

आता खरी मेख. या संघात अखेरची व्रतं नसतातच. व्रतं एका वर्षाची. दर वर्षी २५ मार्चच्या सुमारास, देवदूताने मरियेला निरोप दिला त्या सणाला, ती नव्याने घ्यायची. लुईझने आणि तिच्या चार साथीदारांनी १६४२ मध्ये याच दिवशी व्रतं घेतली होती. म्हणजे तुमच्या नायिकेला भिंत ओलांडायची गरजच नाही. तिने नूतनीकरण केलं नाही की ती मोकळी. बाहेरच्याला हे सोपं वाटेल. माझ्या मते हेच जास्त अवघड. जन्मभराची गाठ एकदा मारली की निदान ‘आता काय करणार’ म्हणता येतं. इथे दर वर्षी मार्च उजाडतो आणि तिला तेच वाक्य पुन्हा स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं, किंवा म्हणायचं नाही. डॉक्टर जानेवारीत भेटला असेल तर तुमच्या हातात किती दिवस आहेत, मोजा. घोड्याची काय गरज?

दुसऱ्या संघाची, आजीवन व्रतांची ठेवायची असेल, तर व्रतमुक्तीचा अर्ज आहे. तो सहसा बिशपमार्फत रोमला जायचा. पूर्वेकडच्या मिशनातून आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून जाणाऱ्या जहाजाने पत्र पोचायला कित्येक महिने लागत. वाफेच्या बोटी आणि इजिप्तमधली खुष्कीची वाट आल्यावर वेळ कमी झाला, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडल्यावर आणखी. अर्ज गेला की उत्तर येईपर्यंत ती कुठे असते? त्याच मठात, त्याच झग्यात, त्याच बाकावर. शेजारच्या सिस्टरला सगळं ठाऊक असतं आणि कोणी काही बोलत नाही. हे मधले वाट पाहण्याचे वर्ष-सहा महिने कादंबरीत एका ओळीत उडवतात. माझं ऐका, निम्मं पुस्तक त्यातच घाला.

प्रश्न: सगळं एवढं कडक असेल तर नायक-नायिका भेटणार तरी कुठे? प्रेम जमायला वावच नाही.

उत्तर: वाव कामात होता. रात्रपाळीत जखम धुताना दिवा कोणी धरायचा, औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे, अमुक रोग्याला अफूचा अर्क किती द्यायचा, यावर दोन माणसांचं रोज बोलणं होतं, आणि त्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही.

बाहेर जायचं तर जोडीने. जोडी मदर, म्हणजे मठाच्या प्रमुख, ठरवणार, आपण निवडायची नाही. ही सोबतीण कादंबऱ्यांत एक तर खाष्ट असते नाहीतर भोळी. प्रत्यक्षात ती नायिकेच्याही आधी ओळखते. डॉक्टर पायऱ्या चढताना हिची चाल बदलते, हे शेजारून चालणारीलाच दिसतं. ही सोबतीण पुढे काय करते, मदरला सांगते की पोटात ठेवते, यावर एखादी स्वतंत्र कादंबरी उभी राहील.

मग दोषांची सभा. जुन्या काळी बहुतेक संघांत ठरावीक दिवशी सगळ्या जमत आणि एकेकीने गुडघे टेकून आपल्या चुका सांगायच्या. कप फुटला, घंटेला उशीर झाला, मौनाच्या वेळी बोलले. फक्त बाहेरच्या चुका, मनातलं नाही. मनातलं धर्मगुरूपुढच्या पापनिवेदनासाठी. तर तुमची नायिका उठते आणि म्हणते, ‘दवाखान्यातून यायला मला संध्याकाळच्या घंटेला उशीर झाला.’ दुसऱ्या सभेतही तेच, तिसऱ्या सभेतही तेच. अवघ्या खोलीला कळतं आणि तिने तर काहीच कबूल केलेलं नसतं. असा प्रसंग सोडून लेखक चांदण्यात कसे जातात, कळत नाही.

पत्रांचंही असंच. येणारं-जाणारं पत्र मदर वाचू शकत. पाकीट उघडंच त्यांच्या टेबलावर ठेवायचं. पण रोमला, बिशपला आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र कोणी उघडू नये, हे १९१७ च्या संहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे त्या काळातली सिस्टर बिशपना गुपचूप लिहू शकते, प्रियकराला नाही. आमच्या दफ्तरात एकोणिसाव्या शतकातलं एक पत्र आहे. टपालाचा खर्च वाचवायला तेव्हा पान भरलं की ते आडवं करून त्याच ओळींवरून पुन्हा लिहीत. उभ्या ओळींत हवामान, मुलींच्या शाळेची संख्या, तापाची साथ. आडव्या ओळींत, तेवढ्याच शांत अक्षरात, ‘श्रीयुत अमुक यांची तब्येत आता बरी आहे, त्यांनी आपल्याला नमस्कार सांगितला आहे’. हे श्रीयुत त्या पत्रात चार वेळा येतात आणि दर वेळी बरेच असतात. बाकी काही नाही. मी ते पत्र पुष्कळदा वाचलं आहे.

आता मुद्द्याचं. प्रेमकथेत सगळे ब्रह्मचर्याचं व्रत पुढे करतात. पण कथा चालवतं ते आज्ञापालनाचं व्रत. मोहाशी झगडण्याची रात्र येते आणि जाते. बदलीची चिठ्ठी मात्र सकाळी येते. ‘सिस्टर, येत्या बोटीने तुम्ही अमुक ठिकाणी रुजू व्हावं.’ दोन ओळी, खाली सही. कारण लिहायची पद्धत नव्हती, विचारायची तर नव्हतीच. आणि तिथेच तिची खरी कोंडी होते. मदरना कळलं म्हणून हलवलं? सोबतिणीने सांगितलं? की खरंच त्या ठिकाणी शुश्रूषेला माणूस कमी होतं? हे तिला कधीच कळणार नाही. ती रागावणार कुणावर? आज्ञा पाळली तर ती चांगली सिस्टर ठरते, आणि चांगली सिस्टर ठरण्याची किंमत म्हणून तो सुटतो. ती खलनायिकेने केलेली शिक्षा असती तर बंड करता आलं असतं. साध्या कामाच्या कागदाविरुद्ध बंड कसं करायचं? ब्रह्मचर्य मोडायला दोघं लागतात, ते निभावून न्यायला मात्र बोटीचं एक तिकीट पुरतं.

तुमचा काळ १८९० च्या आधीचा असेल तर आणखी एक. तोपर्यंत अनेक संघांत सिस्टरने आपलं मन वरिष्ठांपुढे उघडं करावं अशी अपेक्षा असे, कुठे कुठे सक्तीच. त्या वर्षी डिसेंबरात रोमने हुकूम काढून वरिष्ठांना तशी सक्ती करायला मनाई केली. म्हणजे १८५५ ची मदर समोर बसवून सरळ विचारू शकते, ‘मनात काय आहे?’ आणि १८९५ ची मदर विचारू शकत नाही, फक्त बघत राहते. दोन अगदी वेगळे प्रसंग आहेत हे.

प्रश्न: राग मानू नका, पण तुम्ही कधी प्रेमात पडला होता का?

उत्तर: राग कसला? हो. मी तिशीच्या अलीकडे होते, शाळेत इतिहास शिकवायचे. शाळेची नवी इमारत उठत होती आणि एक अभियंता रोज कामावर यायचा. स्पिरिट लेव्हलमधला बुडबुडा मधोमध आणायला त्याने मला शिकवलं. एवढंच घडलं, आणि ते पुरेसं होतं. मदरना मी स्वतः सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, ‘बदली हवी का?’ मी नको म्हणाले. इमारत पूर्ण झाली, तो गेला. पुढे त्याची मुलगी माझ्याच वर्गात आली. सनावळ्यांत ती कच्ची होती, मार्क बेताचेच द्यावे लागले.

वरच्या उत्तराशी याचा संबंध एवढाच की मला विचारलं गेलं. चर्चच्या जुन्या रीती बदलणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचे (१९६२-६५) दिवस होते ते. त्याआधीच्या पिढीतल्या सिस्टरला कोणी विचारलं नसतं, ती थेट बोटीत बसली असती.

प्रश्न: इतिहासात अशा खऱ्या प्रेमकथा आहेत का, की सगळ्या रचलेल्याच?

उत्तर: आहेत, पण त्या कादंबरीच्या साच्यात बसत नाहीत. सगळ्यात गाजलेली कथा काटारिना फॉन बोरा हिची. जन्म १४९९, जर्मनीतल्या निम्पशेनच्या सिस्टर्शियन मठातली. १५२३ च्या ईस्टरच्या रात्री ती आणि आणखी काहीजणी लिओनहार्ट कोप्पे नावाच्या व्यापाऱ्याच्या गाडीतून पळाल्या. हेरिंग मासळीच्या पिंपांत बसून पळाल्या असं रंगवून सांगतात. १५२५ च्या जूनमध्ये तिने धर्मसुधारक मार्टिन लूथरशी लग्न केलं. इथवर सगळे लिहितात. मधली दोन वर्षं मात्र कोणी लिहीत नाही, आणि खरी कादंबरी तिथेच आहे. लूथरच्या विटेनबर्गला आल्यावर तिचं मन हिएरोनिमुस बाउमगार्टनर या न्यूरेंबर्गच्या तरुणावर बसलं होतं. त्याच्या घरच्यांना पळालेली नन सून म्हणून नको होती. लूथरने त्याला पत्र लिहून कळवलं की काटारिना हवी असेल तर त्वरा कर. तो आला नाही. मग दुसऱ्याच एका पाद्र्याचं स्थळ पुढे आलं, ते तिने धुडकावलं आणि सांगून टाकलं की करीन तर लूथरशी किंवा त्याचा मित्र आम्सडॉर्फ याच्याशी. म्हणजे व्रतांतून सुटलेल्या बाईची पहिली ठेच व्रतांनी दिलेली नाही, ती सासरच्यांनी दिली! आणि पुढचा संसार तिने स्वतः वर निवडून थाटला. सहा मुलं झाली, घरात बीअर गाळली, जमिनी सांभाळल्या.

एलोईझची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. बाराव्या शतकातली, फ्रान्समधली. तिचं प्रेम आणि लग्न आधी, मठ नंतर, आणि मठात ती गेली ती नवऱ्याच्या, आबेलारच्या, सांगण्यावरून. पुढे ती मठाधिपती झाली. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळीही जुन्या सुखाच्या आठवणी मला सोडत नाहीत, असं तिने त्याला निर्भीडपणे लिहिलं. ओढाताण म्हणतात ती ही. तरीही मठाचा कारभार तिने चोख केला. दोन्ही एकाच बाईत राहू शकतं, हे कादंबरीकारांना पचत नाही.

आणि ननची जगातली सगळ्यात गाजलेली प्रेमपत्रं, १६६९ मध्ये पॅरिसात छापली गेलेली त्या पोर्तुगीज ननची पाच पत्रं, एका फ्रेंच मुत्सद्द्यानेच रचली असं बहुतेक अभ्यासक आता मानतात. म्हणजे तिथेही लेखणी पुरुषाचीच! असो.

पण मिशनरी हा शब्द धरून विचाराल तर माझी नायिका मारी गुयार. फ्रान्समधल्या तूर शहरातली, जन्म १५९९. एकोणीस-वीस वर्षांची असताना विधवा झाली, पदरी तान्हा मुलगा, क्लोद. १६३१ मध्ये ती उर्सुलाईन मठात शिरली तेव्हा क्लोद अकरा वर्षांचा होता. पोर शाळेतल्या मित्रांची टोळी घेऊन मठाच्या दाराशी आलं आणि ‘माझी आई परत द्या’ म्हणून ओरडलं. जाळीच्या आत ती ऐकत होती. आत गेली ती गेलीच. १६३९ च्या मे महिन्यात ती दिएपहून जहाजात बसली आणि १ ऑगस्टला कॅनडातल्या केबेकला उतरली. तिथल्या लोकांच्या भाषा शिकली, त्यांचे शब्दकोश केले, शाळा जळाली तेव्हा पुन्हा उभी केली. मुलगा तिला आयुष्यात पुन्हा दिसला नाही. वर्षातून एकदा जहाजं येत, तेवढीच पत्रं. त्या पत्रांत ती त्याची क्षमा मागते आणि आपला निर्णय मागेही घेत नाही. १६७२ मध्ये ती केबेकलाच वारली. क्लोद स्वतः बेनेडिक्टाइन साधू झाला होता. आईचं चरित्र आणि पत्रं त्यानेच छापली. २०१४ मध्ये तिला संतपद मिळालं.

व्रत आणि प्रेम यांच्यात फाटलेली मिशनरी स्त्री म्हणाल तर ती ही. प्रियकराऐवजी लेक आहे म्हणून तिच्यावर कोणी प्रेमकादंबरी लिहीत नाही, आणि मला ते काही पटत नाही.

प्रश्न: माझा नायक धर्मगुरू आहे, नायिकेचा पापनिवेदन ऐकणारा. फार धाडसी होईल का?

उत्तर: धाडस राहू द्या, नियम बघा. पोप चौदाव्या बेनेडिक्टने १७४१ मध्ये ठरवून दिलं की ज्या पापात धर्मगुरू स्वतः भागीदार आहे त्या पापाची क्षमा तो आपल्या साथीदाराला देऊ शकत नाही. मरणाच्या दारातला प्रसंग सोडला तर ती क्षमा पोकळ, आणि देणारा धर्मबहिष्कृत. म्हणजे जाळीपलीकडून तो ‘जा, तुला क्षमा आहे’ म्हणाला तरी तिला ठाऊक आहे की ते शब्द पोकळ आहेत. दुसरा धर्मगुरू गाठावा लागेल. मठांसाठी वर्षातून काही वेळा वेगळा, बाहेरचा धर्मगुरू पाठवायची सोय होती. तो यायच्या दिवशी नायिका रांगेत शेवटी उभी राहते, एवढं लिहा. खूप झालं.

प्रश्न: मुलींना घरचेच जबरदस्तीने मठात ढकलत, हे तुम्ही लपवता आहात.

उत्तर: लपवत नाही, कोणी विचारलंच नव्हतं. ढकलत असत. थोरलीच्या हुंड्यात घर रिकामं झालं की धाकटीची मठात रवानगी, कारण मठाचा हुंडा कमी. सतराव्या शतकातल्या व्हेनिसची आर्कांजेला ताराबोत्ती अशीच आत टाकलेली. तिने आतूनच बापांच्या जुलमाविरुद्ध पुस्तकं लिहिली. ट्रेंटच्या परिषदेने सोळा वर्षांच्या आत व्रतं देऊ नयेत, आधी वर्षभर उमेदवारी असावी, बिशपने मुलीला एकटीला विचारून खात्री करावी आणि जबरदस्ती करणाऱ्याला बहिष्कृत करावं, असं लिहून ठेवलं. जबरदस्ती झाली म्हणणारीला पाच वर्षांच्या आत दाद मागायची मुभाही दिली. पण दाद मागायला वकील लागतो, पैसा लागतो, आणि ते ढकलणाऱ्या बापाकडेच. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी सिस्टरचं मात्र बरेचदा उलट असे. ती बापाशी भांडून घराबाहेर पडलेली असे. तिला मठातली बिचारी कैदी करू नका, ती तुमच्यावर उलटेल.

प्रश्न: समजा ती रीतसर बाहेर पडली. पहिल्या दिवशी तिच्याकडे काय असतं?

उत्तर: फार थोडं. येताना हुंडा आणला असेल तर तो परत मिळतो, पण त्यावर तोवर सुटलेलं व्याज संघाचं. हुंडा न आणलेलीला सुखरूप घरी पोचता यावं आणि काही दिवस निभावता यावेत एवढी मदत धर्मादाय म्हणून द्यावी, असं १९१७ च्या संहितेत आहे. त्याआधी ज्या त्या संघाची रीत. इतकी वर्षं केलेल्या कामाचा मोबदला नाही, कारण ती नोकरी नव्हतीच. झगा काढून ठेवायचा. बाहेरचा पोशाख कोणीतरी आणून देतो, तो तिच्या मापाचा नसतो. डोक्यावरचे केस आखूड, त्यामुळे उन्हाळ्यातही टोपी. बाकीच्या प्रार्थनेला बसलेल्या असताना तिला बाजूच्या दाराने निघायला सांगत. निरोप घ्यायची पद्धत नव्हती.

आणि पैशाची सवय तुटलेली. दारिद्र्याचं व्रत म्हणजे हातात नाणं न येणं. तुमची नायिका बंदरावर तिकिटाच्या खिडकीपाशी उभी राहते. डॉक्टर पलीकडच्या गावी वाट बघतो आहे. मागे रांग लागली आहे. आणि तिला भाडं किती असतं हेच ठाऊक नाही, कारण आजवर तिचं प्रत्येक तिकीट मदरने काढलेलं असतं. हा प्रसंग मला कुठल्याच कादंबरीत सापडलेला नाही. लिहिलात तर एक प्रत माझ्याकडे धाडा. टपालखर्च संपादक देतील, मी त्यांना विचारलेलं नाही.